मित्रराष्ट्रास लष्करी साहाय्य : देणाऱ्याचा निर्णय, घेणाऱ्याचा स्वाभिमान

(खंडाळा, जि. सातारा येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय प्रथमदर्शनी खंडाळ्यापासून फार दूरचा वाटेल. एखाद्या देशाच्या सरकारने आपल्या मित्रराष्ट्राला कोणती लष्करी मदत द्यावी, किती द्यावी आणि कोणत्या अटीवर द्यावी, हा प्रश्न राजधानीतील मंत्र्यांचा, मुत्सद्द्यांचा आणि सेनापतींचा. तालुक्याच्या गावी त्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारल्यास नवल नाही. परंतु ज्या जिल्ह्यातील गावोगावचे तरुण पिढ्यान्‌पिढ्या सैन्यात जात आले, ज्या जिल्ह्यात २३ जून १९६१ रोजी देशातील पहिले सैनिकी विद्यालय स्थापन झाले, त्या जिल्ह्यात हा प्रश्न परका नाही. मदत देण्याचा निर्णय दिल्लीत होतो. तो निभावण्यास जाणारा जवान मात्र कोणत्या तरी गावचा असतो.

शिवाय या भूमीला या विषयाचा फार जुना आणि कटू अनुभव आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसई येथे इंग्रजांशी तह केला. वरवर पाहता ती एका मित्राने दुसऱ्या मित्राला देऊ केलेली लष्करी मदतच होती. इंग्रजांची सहा पलटणींची फौज पेशव्यांच्या रक्षणासाठी कायम राहावयाची आणि तिच्या खर्चासाठी पेशव्यांनी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावयाचा, असे ठरले. फौज मिळाली, स्वातंत्र्य गेले. पुढे १८१९ च्या तहाने नीरा नदीच्या दक्षिणेकडील, म्हणजे आजच्या खंडाळा तालुक्यासह, मुलूख सातारच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडे राहिला. परंतु इंग्रजांच्या संमतीवाचून सैन्य वाढवावयाचे नाही अथवा कमी करावयाचे नाही, बाहेरच्या सत्तांशी परस्पर पत्रव्यवहार करावयाचा नाही, अशी बंधने त्यात होती. १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले, तेव्हा परसत्तांशी संधान बांधल्याचाच आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला होता. १८४८ मध्ये हे राज्य खालसा झाले. रक्षणाची जबाबदारी ज्याच्या हाती सर्वस्वी सोपविली, त्याच्याच हाती राज्याची किल्लीही जाते, हा धडा नीरेच्या काठाने दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वीच घेतला आहे.

१९६२ : मागणारा भारत

स्वतंत्र भारताच्या इतिहासात या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा १९६२ साली झाली. आणि त्या परीक्षेच्या केंद्रस्थानी याच कृष्णाखोऱ्यातील एक पुरुष होता. तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, आताच्या सांगली जिल्ह्यातील, देवराष्ट्रे या गावी १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेले यशवंतराव चव्हाण त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा या दोन्ही आघाड्यांवर मोठा हल्ला चढविला. आपल्या जवानांपाशी शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती पहाडी थंडीला पुरेशा कपड्यांची, स्वयंचलित बंदुकांची, संदेशवहनाच्या साधनांची आणि रस्त्यांची. अलिप्ततेचे धोरण स्वीकारलेल्या पंडित नेहरूंच्या सरकारला ऑक्टोबरच्या अखेरीस अमेरिका आणि ब्रिटन यांच्याकडे शस्त्रास्त्रांची मागणी करावी लागली. नोव्हेंबरच्या आरंभी अमेरिकेची मालवाहू विमाने शस्त्रे व दारूगोळा घेऊन उतरू लागली.

१४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारत व अमेरिका यांच्यात जी पत्रे दिली-घेतली गेली, त्यांत मदतीचे प्रयोजन स्पष्ट लिहिलेले होते : चिनी आक्रमणाचा प्रतिकार. ही सामग्री कशी वापरली जाते हे पाहण्याची सोय अमेरिकी प्रतिनिधींना द्यावयाची, हेही ठरले होते. १९ नोव्हेंबर रोजी, बोमदिला हातचे जात असताना, पंडितजींनी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना पत्रे लिहून लढाऊ विमानांच्या तुकड्यांचीही मागणी केली. त्या मागणीला उत्तर येण्यापूर्वीच २१ नोव्हेंबर रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र त्या प्रसंगाविषयी आजही म्हणतो. पण धावून गेलेल्या सह्याद्रीपुढे पहिले काम कोणते होते? परक्या सरकारांच्या शिष्टमंडळांपुढे आपल्या सैन्याच्या उणिवांची यादी ठेवण्याचे. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे ॲव्हरेल हॅरिमन यांचे शिष्टमंडळ दिल्लीत दाखल झाले.

देणारा काय विचार करतो?

मदत मागणारा आपल्या गरजेचा विचार करतो. देणारा पाच-सहा गोष्टी एकाच वेळी तोलून पाहतो. पहिली गोष्ट म्हणजे मित्रावरील संकट खरे किती आणि टिकणारे किती. दुसरी, मागितलेली शस्त्रे वापरण्याचे शिक्षण मित्राच्या सैन्याला आहे काय, की ती गोदामात पडून राहतील. तिसरी, मित्राच्या शेजाऱ्याला काय वाटेल. चौथी, ही शस्त्रे ठरल्या कामाव्यतिरिक्त अन्यत्र वापरली गेली तर काय. पाचवी, खर्च कोणी सोसावयाचा आणि आपली संसद त्याला मान्यता देईल काय. आणि सहावी, जी सहसा उघड बोलली जात नाही ती : या मदतीच्या मोबदल्यात आपल्याला काय मिळेल.

१९६२-६३ मध्ये या सर्व गोष्टींचा प्रत्यय आला. डिसेंबर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन यांची बहामा बेटांतील नासाऊ येथे भेट झाली. भारताला तातडीची मदत म्हणून १२ कोटी डॉलरपर्यंतची सामग्री द्यावी आणि तिचा भार अमेरिका व राष्ट्रकुलातील देश यांनी निम्मा-निम्मा उचलावा, असे तेथे ठरले. पहाडी लढाईसाठी उभारावयाच्या डिव्हिजनना त्यातून साधने मिळाली. त्याच वेळी भारताने पाकिस्तानशी काश्मीरप्रश्नी बोलणी करावी असा आग्रह दोन्ही देशांनी धरला. डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात सरदार स्वर्णसिंग आणि झुल्फिकार अली भुट्टो यांच्यात बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या. त्यांतून निष्पन्न काही झाले नाही. परंतु मदतीच्या पेटीबरोबर देणाऱ्याचा सल्लाही येतो, आणि तो नाकारण्याचे बळ घेणाऱ्यापाशी असावे लागते, हे दिसून आले.

तीन देश, तीन उत्तरे

यशवंतरावांनी या अनुभवातून एक सूत्र पक्के केले. सैन्याची उभारणी एका मित्राच्या मर्जीवर ठेवावयाची नाही आणि जे मिळेल त्यातून शक्य तेवढे देशातच बनवावयाचे. १९६४ ते १९६९ या काळासाठी पंचवार्षिक संरक्षण योजना आखण्यात आली. सव्वाआठ लाखांचे भूदल आणि ४५ स्क्वाड्रनचे हवाई दल हे तिचे उद्दिष्ट होते. या योजनेसाठी १९६४ मध्ये भारताने तीन देशांची दारे ठोठावली आणि तीन वेगळी उत्तरे मिळाली.

मे १९६४ मध्ये यशवंतराव वॉशिंग्टनला गेले. भारताला त्या काळचे वेगवान एफ-१०४ जातीचे लढाऊ विमान हवे होते. ही विमाने पाकिस्तानला आधीच मिळालेली होती. अमेरिकेने भारताला ती देण्याचे नाकारले. भारताची अर्थव्यवस्था एवढा भार सोसणार नाही, असे अमेरिकी बाजूचे म्हणणे होते. पाकिस्तानची नाराजी हेही कारण होतेच. ही बोलणी चालू असतानाच २७ मे रोजी पंडित नेहरूंच्या निधनाची वार्ता आली आणि यशवंतरावांना दौरा अर्धवट टाकून परतावे लागले. पुढे जूनमध्ये जो समझोता झाला त्यात अनुदान आणि कर्ज होते, पण हवे ते विमान नव्हते.

त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले. सोव्हिएत संघाने मिग-२१ विमाने तर देऊ केलीच. शिवाय ती भारतात बनविण्याचा परवानाही दिला. नाशिकजवळ ओझर येथे या विमानांचा कारखाना उभा राहिला तो याच निर्णयाचे फळ होय. ज्या माळरानावर द्राक्षाच्या बागा आणि ज्वारीची शेते होती, तेथे महाराष्ट्रातील हजारो तरुणांना विमाने जोडण्याचे काम मिळाले. मिग-२१ विमानांनी भारतीय हवाई दलात सहा दशके सेवा बजावली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती निवृत्त झाली.

ब्रिटनकडून तिसऱ्या प्रकारचे साहाय्य मिळाले. मुंबईच्या माझगाव गोदीत लिअँडर वर्गाच्या युद्धनौका बांधण्यासाठी ब्रिटनने आराखडे, तंत्रज्ञान आणि कर्ज दिले. त्यातील पहिली नौका ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. पाणबुड्यांच्या बाबतीत मात्र ब्रिटनशी जमले नाही. त्या सोव्हिएत संघाकडून आल्या.

म्हणजे एकाने वस्तू दिली, दुसऱ्याने वस्तू आणि ती बनविण्याचा परवाना दिला, तिसऱ्याने नौका बांधण्याची विद्या दिली. कोणती मदत अधिक टिकली हे पुढच्याच वर्षी कळून आले.

१९६५ : मदत थांबते तेव्हा

१९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत देण्यास आरंभ केला, तेव्हा ही शस्त्रे भारताविरुद्ध वापरू दिली जाणार नाहीत, असे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्राने कळविले होते. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या उसाच्या शेतांतून तेच पॅटन रणगाडे पुढे सरकले. असल उत्तर येथे भारतीय सैन्याने त्यांचा धुव्वा उडविला आणि हवालदार अब्दुल हमीद यांनी प्राणार्पण करून परमवीरचक्र मिळविले. शस्त्र एकदा दुसऱ्याच्या हाती गेले की ते कोणावर रोखावयाचे हे देणाऱ्याच्या कागदावरून ठरत नाही. ते धरणाऱ्याच्या मनावरून ठरते.

युद्ध भडकताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचीही लष्करी मदत थांबविली. ब्रिटननेही भारताला होणारा शस्त्रपुरवठा रोखला. सुटे भाग व दारूगोळा बंद झाला. याचा अधिक फटका पाकिस्तानला बसला. कारण त्याचे बहुतेक सैन्य एकाच देणाऱ्याच्या शस्त्रांवर उभे होते. भारताची शस्त्रे अनेक ठिकाणची होती आणि काही घरची होती. तीन वर्षांत संरक्षणमंत्र्यांनी जी काळजी घेतली तिचे मोल त्या बावीस दिवसांत कळले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. परवान्याने मिळालेली विद्या म्हणजे संपूर्ण स्वावलंबन नव्हे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला, तेव्हा भारतीय सैन्याला सुट्या भागांची टंचाई सोसावी लागलीच. विहीर आपली असली तरी तिच्यावरील पंपाचा भाग परगावाहून येत असेल, तर पाणी परगावाच्या हाती असते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

१९७१ : देणारा भारत

सहा वर्षांतच भारतावर देणाऱ्याच्या बाजूने निर्णय घेण्याची वेळ आली. २५ मार्च १९७१ च्या रात्री पूर्व बंगालमध्ये पाकिस्तानी लष्कराने दमनसत्र सुरू केले आणि निर्वासितांचा लोंढा भारतात येऊ लागला. वर्षअखेरपर्यंत त्यांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. ३१ मार्च रोजी संसदेने तेथील जनतेला पाठिंबा देणारा ठराव केला. १७ एप्रिल रोजी बांगलादेशाच्या हंगामी सरकारने शपथ घेतली. परंतु त्या सरकारला मान्यता द्यावी, सैन्य ताबडतोब आत घालावे, ही मागणी सर्व बाजूंनी होत असूनही इंदिरा गांधींच्या सरकारने उतावीळपणा केला नाही. आधी निर्वासितांना आश्रय, मग मुक्तिवाहिनीच्या तरुणांना शिक्षण आणि शस्त्रे, त्याबरोबर जगाच्या राजधान्यांतून प्रयत्न, ऑगस्टमध्ये सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार, आणि ३ डिसेंबर रोजी पाकिस्तानने हवाई हल्ला केल्यानंतर उघड युद्ध, अशा पायऱ्या चढत तो निर्णय गेला. ६ डिसेंबर रोजी बांगलादेशाला मान्यता देण्यात आली आणि १६ डिसेंबर रोजी ढाक्यात शरणागतीवर सही झाली.

या वेळी यशवंतराव देशाचे अर्थमंत्री होते. मदतीचा खर्च कोण देतो, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा प्रत्येक घरात पोहोचले. १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर निर्वासित साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावणे भाग झाले. गावाकडून मुंबईच्या गिरणीत काम करणाऱ्या मुलाला पाठविलेल्या पाकिटावरही ते तिकीट असे. मित्रराष्ट्राला दिलेली मदत ही केवळ सरकारची नसते. तिच्यात पाच-पाच पैशांनी सारा देश सहभागी होतो.

पण १९७१ चा खरा गौरव आणखी एका तारखेत आहे. १२ मार्च १९७२ रोजी भारतीय सैन्याने ढाक्यात निरोपाचे संचलन केले आणि ते परतले. मदतीस गेलेली फौज तीन महिन्यांत माघारी आली. वसईच्या तहातील पलटणी परत गेल्या नव्हत्या. ढाक्यातील परत आल्या. मित्र आणि मालक यांतील अंतर या एका गोष्टीने मोजावे.

यश आणि अपयश, दोन्हीही

भारताचा प्रत्येक निर्णय इतका यशस्वी झाला असे नाही. जुलै १९८७ च्या करारानुसार श्रीलंकेत शांतिसेना पाठविण्यात आली. दोन पक्षांतील समझोता राखण्यासाठी गेलेल्या या सेनेला त्यांतील एका पक्षाशीच लढावे लागले. मार्च १९९० मध्ये ती परतली, तोपर्यंत अकराशेहून अधिक भारतीय सैनिकांनी प्राण गमावले होते, आणि ज्या देशाच्या निमंत्रणावरून ती गेली होती त्याच देशाच्या नव्या सरकारला ती नकोशी झाली होती. उलट, ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवच्या राष्ट्राध्यक्षांनी बंडाविरुद्ध मदत मागितली, तेव्हा आग्र्याहून निघालेले छत्रीधारी सैनिक त्याच रात्री तेथे उतरले आणि थोड्याच अवधीत बंड मोडले. दोन्ही ठिकाणी सैनिक तेच होते. फरक होता तो उद्दिष्टाच्या स्पष्टतेत. एका ठिकाणी काम कोणते आणि ते केव्हा संपते हे ठाऊक होते. दुसऱ्या ठिकाणी ते ठाऊक नव्हते.

अफगाणिस्तानच्या सरकारला भारताने लढाऊ हेलिकॉप्टरे दिली होती. ऑगस्ट २०२१ मध्ये ते सरकार कोसळले आणि तेथील सैन्याची सामग्री तालिबानच्या हाती पडली. मित्राचे सरकार पडले तर आपले शस्त्र कोणाकडे जाईल, हा प्रश्न देण्यापूर्वीच विचारावा लागतो तो यासाठी.

अलीकडच्या काळात भारताने मदतीचे इतर मार्गही चोखाळले आहेत. जुलै २०२३ मध्ये ‘कृपाण’ ही युद्धनौका व्हिएतनामला भेट देण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपाइन्सशी ब्राह्मोस क्षेपणास्त्रांच्या विक्रीचा करार झाला आणि एप्रिल २०२४ मध्ये पहिला पुरवठा करण्यात आला. १९६२ साली जो देश बूट आणि बंदुकांसाठी विमानांची वाट पाहत होता, तो आज क्षेपणास्त्रे निर्यात करतो. सर्वांत कमी गाजावाजा होणारी मदत मात्र आपल्या शेजारीच चालते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत भारतीय तरुणांच्या बरोबरीने मित्रदेशांचे छात्रही शिक्षण घेतात. तोफ जुनी होते, विमान मोडीत निघते. एकत्र कवायत केलेल्या दोन तरुणांची ओळख त्यांच्या सेवाकालभर टिकते.

इर्जिकेचा न्याय

आपल्या गावांत इर्जिकेची रीत होती. एखाद्याची पेरणी मागे राहिली की शेजारी आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरत. काम होईपर्यंत राबत, त्याच्या घरचे जेवण जेवत आणि सायंकाळी बैल घेऊन परतत. रानावर कोणी हक्क सांगत नसे. ज्याच्याकडे गेलो, तो उद्या आपल्याकडे येईल एवढाच भरवसा असे. मित्रराष्ट्राच्या मदतीचा उत्तम नमुना हाच होय. हाक आल्याशिवाय जाऊ नये. काम कोणते ते आधी ठरवावे. काम संपताच परतावे. आणि शक्य झाल्यास मित्राला असे काही शिकवून यावे की पुढच्या वर्षी त्याला हाक मारण्याची गरजच पडू नये.

शिक्षकांनी इतिहास शिकविताना वसईचा तह आणि ढाक्याचे निरोपाचे संचलन या दोन घटना शेजारी-शेजारी ठेवाव्यात. विद्यार्थ्यांना फरक सांगावा लागणार नाही, तो त्यांना दिसेल. पंचायत सदस्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की शस्त्रांच्या मदतीची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्या मागे देशाचा पैसा असतो, देशाचा शब्द असतो आणि पुष्कळदा आपल्याच शिवारातील जवान असतो. म्हणून ‘किती दिले’ एवढ्यावर न थांबता ‘कशासाठी दिले, किती काळ दिले आणि परत केव्हा येणार’ हे प्रश्न जाणत्या नागरिकाने विचारले पाहिजेत. ते विचारणे हा देशाच्या धोरणावरचा अविश्वास नव्हे. संसदेपासून ग्रामसभेपर्यंत असे प्रश्न विचारले जातात, तेथेच मदतीचा निर्णय सावधपणे होतो आणि मदतीस गेलेले सैन्य वेळेवर घरी येते.